गावाचा ग्रुप एक होता, आता चार झाले : मोबाईलने आपली गावं जोडली का तोडली?

गिरणाकाठ

राम राम मंडळी. विषय जुनाच, पण आमच्या गावात तो आता दारात येऊन बसलाय, म्हणून धागा काढतोय. लांबलंय, पण पूर्ण वाचा आणि मग बोला.

आमचं गाव भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठाला. गावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. सुरतला कापडाच्या कारखान्यात असलेले, पुण्याला कंपनीत असलेले, नाशिकला गाडी चालवणारे, सगळे त्यात. डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली, शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची का दिवसाची, गिरणेचं आवर्तन (कालव्याचं पाणी) कधी सुटणार, बिबट्या कोणाच्या मक्यात दिसला, सगळं तिथे कळायचं. कोरोनात तर त्या ग्रुपनेच गाव सांभाळलं. जळगावला बेड कुठे आहे ते बघायला कोण जाणार, दवाखान्यात डबा कोण पोचवणार, रात्रीतून ठरायचं. त्या दिवसांत कोणी कोणाचं आडनाव पाहून डबा दिला नाही.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. दोन पॅनल. मतदानाच्या आधी एका रात्री कोणीतरी समोरच्या उमेदवाराची क्लिप टाकली. बैठकीत बसून एका समाजाबद्दल वाटेल ते बोललेला आवाज. आवाज त्याचाच होता का, कधीचा होता, कोणी रेकॉर्ड केला, कोणी विचारलं नाही. सकाळपर्यंत अर्धी माणसं ग्रुपमधून बाहेर. आज गावात चार ग्रुप आहेत, दोन पॅनलचे आणि दोन समाजाचे. जुना ग्रुप नावाला आहे. त्यात वाढदिवसाचे बॅनर पडतात, बस.

याने काय बिघडलं ते सांगतो. मागच्या गल्लीतले एक आप्पा वारले. आमच्या घराशी त्यांचा दोन पिढ्यांचा सावड होता. त्यांची बैलजोडी आमच्या वावरात, आमची त्यांच्या. मयतीचा मेसेज त्यांच्या समाजाच्या ग्रुपवर पडला, सुरतपर्यंत गेला. सुरतहून गाडी भरून माणसं आली. आणि आम्ही, शंभर पावलांवरचे, वावरात कापूस वेचत होतो. संध्याकाळी कळलं. त्यांचा मोठा मुलगा आता रस्त्यात भेटला तर मान फिरवतो. त्याला वाटतं, मुद्दाम आले नाही. पूर्वी मयत झाली की एक पोरगा घरोघर निरोप द्यायला निघायचा आणि तो गल्ली चुकवायचा नाही. आता निरोप द्यायला कोणी निघत नाही, कारण 'ग्रुपवर टाकलंय ना'.

मला जे दिसतं ते असं : मोबाईल वाईट नाही आणि चांगला पण नाही असं म्हणून सुटता येत नाही. ग्रुप कशावर बांधलाय ते बघावं लागतं. कामावर बांधलेला ग्रुप माणसं धरून ठेवतो. आडनावावर किंवा पॅनलवर बांधलेल्या ग्रुपला जिवंत राहायला रोज कोणीतरी समोरचा लागतो. तुमच्याकडे काय आहे ते सांगा.

केळीबाग_रावेर

भाऊ, तुमचं कामावर बांधलेल्या ग्रुपचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

आमच्या भागात केळीचा ग्रुप आहे. बुऱ्हाणपूरचा भाव, रावेरचा बोर्ड भाव, नवतीला (नव्या लागवडीच्या केळीला) काय, पिलबागला (जुन्या झाडाच्या पिलांवरच्या बागेला) काय, कापणी कोणाची चालू आहे, गाडी कोणाकडे रिकामी आहे, हे रोज. पूर्वी बांधावर येणारा व्यापारी सांगेल तो भाव. बोर्डावर एक आणि हातात दुसराच, हे आमचं वर्षानुवर्षाचं दुखणं. ते अजून संपलेलं नाही, पण आता शेजारच्या शिवारात काल काय भावाने माल कटला हे सकाळी चहाच्या आधी माहीत असतं, त्यामुळे तोंड उघडता येतं.

या ग्रुपमध्ये लेवा आहेत, मराठा आहेत, गुजर आहेत, तडवी आहेत, गाडी भरणारे मुकादम आहेत. हरण्या रोग आला तेव्हा (केळीवरचा विषाणू, सीएमव्ही म्हणतात तो) पानावर पिवळ्या पट्ट्या कशा दिसतात याचे फोटो पहिल्यांदा एका तडवी भाऊंनी टाकले. ज्यांनी ते बघून रोगट झाडं वेळेवर उपटली त्यांची बाग वाचली. त्या भाऊंना मी आधी ओळखत पण नव्हतो. आज त्यांच्या घरी माझं जाणं-येणं आहे.

नियम एकच : केळीशिवाय काही नाही. देवाचा फोटो नाही, नेत्याचा नाही, शुभ सकाळ नाही. एका निवडणुकीत एकाने पुढाऱ्याचं भाषण टाकलं, पाच मिनिटांत काढायला लावलं. तो आमच्याच पार्टीचा होता तरी.

लिंबायतकर

मी सुरतहून. मूळ शिंदखेडा तालुका. गिरणाकाठ भाऊ, तुम्ही समाजाच्या ग्रुपवर सगळं ढकलताय ते मला पटत नाही.

उधना, लिंबायत, डिंडोली या भागात फिरा, खान्देशच दिसेल. ताप्ती लाईनच्या गाडीने वडील आले, आम्ही इथेच वाढलो. पोरं शाळेत गुजराती-हिंदी बोलतात. त्यांच्या कानावर अहिराणी पडते ती दोन ठिकाणी, आईजवळ आणि यूट्यूबवर. अहिराणी गाणी, अहिराणी कॉमेडी आली म्हणून माझा पोरगा आज हळदीत नाचताना ते बोल म्हणतो. वीस वर्षांपूर्वी इथे आमच्या वयाची पोरं अहिराणी बोलायला लाजायची. सुरतच्या बसमध्ये कोणी 'काय करी ऱ्हायना भाऊ' म्हटलं तर मान खाली जायची. ती लाज यूट्यूबने घालवली.

आणि कानबाईचं बघा, आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणाचं. नागपंचमीनंतरचा रविवार. भाऊबंद चार राज्यांत पसरलेले. या वर्षी कानबाई कोणाच्या घरी बसणार, रोटाचे (नैवेद्याचे) गहू कोण आणणार, कोणाकडे सुतक आहे, हे आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर ठरतं. तो ग्रुप नसता तर आमच्या पिढीत रोट बंद पडले असते. आमच्या दोन चुलत घरांची दहा-बारा वर्षं बोलचाल नव्हती. ग्रुपवर एकाने कानबाईचा जुना फोटो टाकला, दोन्ही घरांचे म्हातारे शेजारी उभे असलेला. त्या श्रावणात दोन्ही घरं एका पंगतीत जेवली. आता सांगा, आडनावावर बांधलेला ग्रुप फक्त तोडतो?

गाव सोडनारा मानूसले भाऊबंद हाऊच गाव ऱ्हास, भाऊ.

पांझरा

धुळ्याहून लिहितोय. कोर्टात काम करतो. या विषयावर खान्देशात बोलायचं आणि राईनपाड्याचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक मूळ सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज आधीपासून फोनवर फिरत होते. संशय आला, जमाव जमला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथेच मारून टाकलं. पाचही जणांना. मारतानाचे व्हिडिओ काढले गेले आणि तेही पुढे पाठवले गेले. त्याच दिवशी मालेगावात पण जमावाच्या हाती पाच जण सापडले होते, त्यांच्यात एक लहान मूल होतं. तिथे पोलीस वेळेत पोचले म्हणून ते वाचले.

त्या काळात देशभर फिरत असलेली एक क्लिप तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावरचं पोर उचलून नेतात. ती कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि पालकांसाठी संदेश लिहिलेला फलक दाखवतात. शेवटचा तो भाग कापून बाकीचा पाठवला गेला. कराचीतला रस्ता साक्री तालुक्यातला वाटावा एवढंच पुरेसं झालं.

मी हे का लिहितोय? कारण डवरी गोसावी, बहुरूपी, वासुदेव, नंदीवाले ही माणसं आपल्या गावांना अनोळखी नव्हती. सुगी झाली की यायची, आपले आजी-आजोबा त्यांना सुपात धान्य द्यायचे. दारात आलेल्या परक्याला काय विचारायचं आणि कसं ओळखायचं याची गावाला सवय होती. मेसेज ओळखीच्या नंबरवरून आला म्हणून खरा धरला आणि समोर हात जोडून उभा असलेला माणूस अनोळखी म्हणून खोटा ठरला. मला यातलं सगळ्यात भयंकर हेच वाटतं.

त्यानंतर व्हॉट्सॲप कंपनीने हालचाल केली. जुलै २०१८ मध्येच 'फॉरवर्डेड' अशी खूण आली, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा आली. २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात अशा घटना रोखायला पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितलं. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान असल्या कारणावरून खून केला तर त्यासाठी वेगळं कलम आहे, १०३ चं उपकलम २. फाशी किंवा जन्मठेप.

हे सगळं माणसं गेल्यावर.

सातपुडा_मास्तर

पांझरा भाऊंनी लिहिलं ते खरं. एक गोष्ट जोडतो. राईनपाड्याचं नाव निघालं की 'अडाणी आदिवासी गाव' असं बोलायची पद्धत पडली आहे. मी धडगाव तालुक्यात शाळेवर आहे. माझं म्हणणं, अफवेला शिक्षण लागत नाही. मुलं पळवायच्या त्याच क्लिपा मला जळगाव-नाशिकच्या पदवीधर नातेवाईकांनी पाठवल्या होत्या. त्यांच्या कॉलनीत जमाव जमला नाही, इतकाच फरक.

आमच्याकडे सगळीकडे रेंज नाही. पाड्यावरची पोरं संध्याकाळी टेकडीच्या कडेला जाऊन उभी राहतात, तिथे मेसेज उतरतात. लिहिलेलं थोडे वाचतात, व्हॉइस मेसेज सगळे ऐकतात. पावरीत (इथल्या आदिवासी बोलीत) बोललेला आवाज आला की तो घरातला वाटतो. त्यामुळे अफवा पण आवाजातून जास्त पसरते. लसीच्या वेळी तसंच झालं. लस घेतली की माणूस मरतो, ही क्लिप आमच्या पाड्यांवर लसीच्या गाडीच्या आधी पोचली.

सरकारी पोस्टर लावून काही झालं नाही. मग आशाताई, दोन शिक्षक आणि एक म्हातारे कारभारी, ज्यांचा शब्द पाड्यावर मानतात, अशांनी स्वतः लस घेतल्यावर पावरीत बोलून क्लिपा केल्या. "मी अमुक पाड्याचा, काल सुई घेतली, रात्री ताप आला, सकाळी वावरात गेलो." इतकंच. त्या टेकडीवरून त्याच वाटेने खाली गेल्या. सगळे तयार झाले असं नाही, पण रांग लागायला सुरुवात झाली ती त्यानंतर.

म्हणून गिरणाकाठ भाऊ, ग्रुप कशावर बांधला हे महत्त्वाचं आहेच. पण बोलणाऱ्याचं घर आपल्याला माहीत आहे का, उद्या त्याला जाऊन विचारता येईल का, हे मला त्याहून मोठं वाटतं.

वाघूर

मी जामनेर तालुक्यातला. सगळ्यांचं वाचलं. गिरणाकाठ भाऊ, राग मानू नका, पण 'गावाचा एक ग्रुप होता' हे वाचून मला आत कुठेतरी लागलं.

आमच्या गावाचा पण एक ग्रुप होता. आमची वस्ती त्यात होती, नंबर होते. पोळ्याच्या शुभेच्छांना दोनशे जण हात जोडायचे. १४ एप्रिलला आमच्यातल्या कोणी जयंतीचा फोटो टाकला की ग्रुप दिवसभर गप्प. वस्तीतला नळ आठ दिवस बंद आहे असं लिहिलं की कोणीतरी लगेच 'इथे राजकारण नको'. आम्ही वेगळा ग्रुप काढला तेव्हा गाव म्हणालं, यांनी गाव तोडलं. तुटलेलं आधीच होतं भाऊ, मोबाईलवर ते फक्त दिसलं.

आणि आमच्याच तालुक्यातलं वाकडी आठवा. जून २०१८, राईनपाड्याच्या तीन आठवडे आधी. विहिरीत पोहले म्हणून दलित पोरांना कपडे काढून मारलं. व्हिडिओ बाहेर आला म्हणून राज्याला कळलं, गुन्हा दाखल झाला, अटक झाली. तो फिरला नसता तर गावातल्या गावात मिटवलं असतं, माझ्या आजोबांच्या काळात मिटवायचे तसं. महिन्याभरात एका फोनने आमच्या पोरांना न्यायाच्या दारापर्यंत नेलं आणि दुसऱ्याने पाच गोसाव्यांचा जीव घेतला. दोन्ही फोन खान्देशातलेच.

पण त्या व्हिडिओचं पण दुखतं. पोरांचे चेहरे न झाकता तो देशभर फिरला. आमच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच फिरवला. त्या पोरांना आयुष्यभर तो व्हिडिओ सापडत राहणार, याचा विचार कोणी केला?

पांझरा

वाघूर, तुमचा शेवटचा मुद्दा कायद्याने पण बरोबर आहे. अत्याचार झालेल्या अल्पवयीन मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे. हेतू चांगला असला तरी. असा व्हिडिओ हाती आला तर पोलिसांना किंवा मुलांच्या हेल्पलाइनला (१०९८) द्यावा, ग्रुपवर नाही.

आखाजी

नमस्कार. माहेर अमळनेर तालुका, राहते पुण्यात. इतकं सगळं वाचलं, त्यात एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. 'गावाचा ग्रुप' म्हणता त्यात बाया किती आहेत?

माझ्या माहेरच्या ग्रुपमध्ये प्रत्येक घराचा नंबर आहे आणि प्रत्येक नंबर पुरुषाचा आहे. आईचा फोन आहे, तिला व्हॉट्सॲप चांगलं येतं, पण ती त्या ग्रुपमध्ये नाही. पाणी भरणारी ती, आणि नळ कधी येणार ते बाबांच्या फोनवर येतं, बाबा पारावर. आम्ही माहेरवाशिणींनी आमचा वेगळा ग्रुप केला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कोण येणार, झोका कोणाच्या निंबाला बांधायचा, गौराईची गाणी कोणाला पूर्ण येतात. म्हाताऱ्या मावश्यांच्या आवाजात ती गाणी आम्ही रेकॉर्ड करून ठेवतो आहोत. एक मावशी मागच्या वर्षी गेल्या, त्यांचा आवाज आमच्याकडे आहे.

गिरणाकाठ दादा, तुमच्या म्हणण्याला माझ्याकडे एक पुरावा आहे. आमच्या गावात पण निवडणुकीत दोन तट पडले. माझी आई आणि समोरच्या पॅनलच्या उमेदवाराची बायको एकाच बचत गटात. गटाचा ग्रुप फुटला नाही. फुटूच शकत नव्हता, कारण कर्ज सगळ्यांच्या नावावर, एकीचा हप्ता थकला तर सगळ्यांचं नाव खराब. घरात नवरे एकमेकांना शिव्या घालत होते आणि या दोघी सीआरपी ताईच्या (बचत गटांचं काम बघणाऱ्या) मेसेजवर बँकेत सोबत जात होत्या, एकाच रिक्षात. निवडणूक झाल्यावर दोन घरांत पहिलं बोलणं सुरू झालं ते या दोघींमुळे, एका पापडाच्या ऑर्डरवरून.

केळीबाग_रावेर

ताई, हे फार मोलाचं सांगितलं. आमच्या केळीच्या ग्रुपमध्ये पण बाया नाहीत, आणि घड झाकायला, पाणी धरायला त्या पुढे असतात. हे बोलून बघतो.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. दोन दिवस नीट विचार करून उत्तर देतोय.

वाघूर भाऊ, राग कसला. तुम्ही लिहिलं ते मी गावातल्या आपल्या ओळखीच्या दोघांना वाचून दाखवलं, तुमच्याच समाजाचे. दोघं म्हणाले, "बरोबर लिहिलंय." पुढे काहीच बोलले नाहीत. गाव पूर्वी एक होतं असं मी कोणाला सांगणार नाही. पण गाव एक नव्हतं तेव्हासुद्धा निरोप सगळ्या गल्लीत जायचा, आणि तो आज जात नाही. हे नुकसान माझ्या डोळ्यासमोर झालं आहे आणि मला ते भरून काढायचंय.

लिंबायतकर भाऊ, भाऊबंदांचा ग्रुप ठेवा, कानबाई चालू राहू द्या. माझं भांडण एवढंच की गावात राहणाऱ्याला तो एकच ग्रुप उरू नये.

ठरवलंय ते असं. नवीन ग्रुप, फक्त कामाचा : मयत, लाईट, आवर्तन, नळ, रक्त, हरवलं-सापडलं, गुरांची लस. प्रत्येक गल्लीचा आणि वस्तीचा एक ॲडमिन, त्यात निम्म्या बाया. घरटी दोन नंबर, एक बाईचा असलाच पाहिजे. फॉरवर्डची खूण असलेलं काही दिसलं की काढायचं, मग ते देवाचं असो का देशाचं. मास्तरांचं ऐकून आवाजात बोललं तर आधी नाव आणि गल्ली सांगायची. आणि मयत असेल तर मेसेज टाकून भागणार नाही, त्या गल्लीच्या ॲडमिनने शेजारच्या दोन गल्ल्यांत स्वतः जाऊन सांगायचं.

एक शंका पांझरा भाऊंना. लोक ॲडमिन व्हायला घाबरतात. कोणी काही टाकलं तर गुन्हा ॲडमिनवर होतो म्हणतात.

पांझरा

उगीच पसरलेली भीती आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून माणूस जबाबदार धरता येत नाही. आधीपासून संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. २०२२ पासून ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, ते बटण प्रत्येक ॲडमिनला दाखवून ठेवा. पण दंगल पेटवणारं किंवा धमकीचं काही आलं तर पुसायच्या आधी स्क्रीनशॉट काढून पोलीस पाटलांना दाखवा. पुरावा राहिला पाहिजे.

वाघूर

योजना चांगली आहे. एक विचारतो. ग्रामसभेची नोटीस या ग्रुपवर पडणार का? कारण 'राजकारण नको' या नावाखाली पहिली गाळली जाते ती नोटीसच. घरकुलाची यादी, वस्तीचा रस्ता, दलित वस्तीचा निधी कुठे गेला, हे सगळं ग्रामसभेतच निघतं. आमच्याकडे नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते आणि सरपंचाच्या पॅनलच्या ग्रुपवर पडते.

लिंबायतकर

ते टाकलं की दुसऱ्याच दिवशी भांडण. पुन्हा ग्रुप फुटेल. माझ्या मते नको.

आखाजी

टाकावीच लागेल भाऊ. महिला ग्रामसभेची नोटीस आईला आजपर्यंत एकदा पण कळलेली नाही. सही मात्र दरवेळी घरी येऊन घेऊन जातात.

गिरणाकाठ

पडेल. ग्रामसभेची आणि महिला ग्रामसभेची, दोन्ही नोटिसा, तारीख, वेळ आणि विषयांसकट, फळ्याचा फोटो काढून. त्याखाली कोणी उत्तर लिहायचं नाही, बोलायचं ते सभेत येऊन. उद्यापासून नंबर गोळा करायला निघतो, पहिल्यांदा मागच्या गल्लीत आणि वस्तीत जातो. वाघूर भाऊ, घरकुलाची यादी मिळवायची कशी ते जरा सविस्तर लिहा, इथे बऱ्याच जणांना लागेल.